हिणकस देनारियस आणि रोमच्या पतनाचा सोपा हिशेब

सोन्याच्या भावाने नवा उच्चांक गाठला किंवा रुपया डॉलरपुढे घसरला की एक आलेख हटकून पुढे केला जातो. आडव्या अक्षावर रोमन सम्राट, उभ्या अक्षावर त्यांच्या नाण्यातील चांदीची टक्केवारी. ऑगस्टसपाशी ९८, नीरोपाशी जराशी कमी, सेप्टिमियस सेव्हेरसपाशी निम्मी आणि गॅलिएनसच्या काळात, म्हणजे इ. स. २६० च्या दशकात, जेमतेम दोन-पाच टक्के. खाली तात्पर्य तयारच असते: सरकारने पैशात हीण मिसळले, महागाई भडकली, रोम कोसळले. सोने विकणारा, बिटकॉइनवाला आणि सरकारी उधळपट्टीवर चिडलेला करदाता या तिघांनाही ते सोयीचे आहे. त्यांना विरोध करणारेही घाईतच असतात. ‘दोन हजार वर्षांपूर्वीचे आज काय लावता’ एवढे म्हणून ते मोकळे होतात. माझे म्हणणे असे की आलेख ढोबळमानाने खरा आहे, पण त्यातून काढलेला धडा साफ चुकीचा आहे. रोमन नाण्याची बाजारातील किंमत त्यातल्या चांदीवर जेवढी अवलंबून होती, त्याहून किती तरी जास्त ते नाणे कोण पाडतो आणि कोण परत घेतो यावर अवलंबून होती. चांदी उतरणे हा आजाराचा परिणाम होता, आणि तोही सर्वांत घातक नव्हे.

याचा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे रोमन सेनानी मार्क अँटनीचे ‘पलटणी’ देनारियस. (देनारियस म्हणजे रोमचे नेहमीचे चांदीचे नाणे.) लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि रोमन नाण्यांच्या जवळपास प्रत्येक मोठ्या संग्रहात ते आढळते, कारण इ. स. पू. ३२-३१ मध्ये ऑक्टेव्हियनशी, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसशी, शेवटची झुंज घेण्याआधी सैन्याचा पगार भागवण्यासाठी अँटनीने ते प्रचंड संख्येने पाडले. एका बाजूला वल्ह्यांचे युद्धगलबत आणि अँटनीची पदवी, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मधोमध गरुडध्वज आणि पलटणीचा क्रमांक. संग्रहालयाच्या खणातला नमुना बहुधा इतका झिजलेला असतो की गलबताची वल्ही म्हणजे नुसत्या रेघा, गरुड म्हणजे एक उंचवटा आणि क्रमांक भिंगाखालीही लागत नाही. पृष्ठभागावर चंद्रकोर, टिंब, फुली अशा बारीक खुणा असतात. नाणे आत तांब्याचे तर नाही ना, हे पाहताना सराफाने हाणलेल्या ठशाच्या त्या खुणा.

हे नाणे हिणकस होते आणि ही गोष्ट गुपित नव्हती. अँटनीने चांदीत लोखंड मिसळले असे रोमन लेखक प्लिनी लिहितो. प्रत्यक्षात हीण तांब्याचे होते: चांदी नव्वदीच्या किंचित वर, तर एरवीच्या देनारियसमध्ये ती पंचाण्णवच्या पुढे. शिवाय अँटनी हरला, इ. स. पू. ३० मध्ये त्याने आत्महत्या केली आणि त्याच्या नावाचा उच्चारही विजेत्याला नकोसा झाला. चांदीवरच भाव ठरत असता तर या नाण्याला पहिल्याच दिवशी बट्टा, म्हणजे किमतीत कपात, लागायला हवा होता. आपल्याकडे पेशवाईत चांदवडी आणि अंकुशी रुपयांची अदलाबदल करताना सराफ तो लावतच. पण ही नाणी ऑगस्टसच्या शुद्ध नाण्यांच्या बरोबरीने, त्याच चार सेस्टर्सच्या (सेस्टर्स हे रोमचे लहान नाणे) किमतीला खपली आणि दोनशेहून अधिक वर्षे चलनात राहिली. सेव्हेरसच्या काळात पुरलेल्या साठ्यांमध्येही ती सापडतात. शुद्ध नाणी लोकांनी दडवली, सरकारने वितळवली. हिणकस म्हणून हीच मागे उरली. वाईट पैसा चांगल्याला बाजारातून हुसकावतो हा नियम इथे दिसतोच, पण तो नियम लागू होण्यासाठी मुळात वाईट पैसा चांगल्याच्याच किमतीला स्वीकारला जावा लागतो, हे सांगायला आलेखवाले विसरतात.

आता त्या आलेखाकडे. त्यातले आकडे बहुधा १९७० च्या दशकातल्या डी. आर. वॉकर यांच्या मोजणीतून आलेले असतात. क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र नाण्याला इजा न करता टक्केवारी सांगते, म्हणून संग्रहालयांना ते प्रिय आहे. अडचण अशी की हे यंत्र पृष्ठभागाच्या फार तर काही दशांश मिलिमीटरपर्यंतच पाहते, आणि रोमन टांकसाळीने नेमका तोच भाग सजवलेला असतो. चांदी-तांब्याच्या मिश्रणाची चकती हवेत तापवली की वरच्या थरातले तांबे काळे पडते. ती आंबट द्रावणात बुडवली की ते काळे तांबे विरघळून जाते आणि वर उरते ती जवळपास शुद्ध, पण सच्छिद्र चांदी. मग ठशाचा घाव बसला की छिद्रे मिटतात आणि नाणे पांढरेशुभ्र चमकते. पुढे शेकडो वर्षे जमिनीत पडून राहिल्यावर ओल उरलेल्या तांब्यालाच आधी खाते, आणि संग्रहालयात आल्यावर आम्ल लावून केलेली जुन्या पद्धतीची सफाई त्यात आणखी भर घालते. तिन्हींचा परिणाम एकच, यंत्र चांदी जास्त दाखवते. वॉकर यांनी कड घासून आतले मोजण्याचा प्रयत्न केला, पण थर त्याहून जाड निघाला. केव्हिन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी पुढे कडेतून अतिशय बारीक छिद्र पाडले, गिरमिटातून आलेला पहिला भुगा टाकून दिला आणि गाभ्यातला भुगा तपासला. नीरोने इ. स. ६४ मध्ये केलेल्या बदलानंतरचे देनारियस वॉकर यांच्या मोजणीत साडेत्र्याण्णव टक्क्यांचे होते. गाभ्याने आकडा सांगितला ८०.

हा फरक आलेखवाल्यांना आनंद देणारा आहे असे वाटेल: बघा, घसरण आणखी मोठी होती! पण मग त्याच मोजणीतले पुढचे आकडेही घ्यावे लागतात. नीरोच्या अखेरीस चांदी पुन्हा वाढली. व्हेस्पेशियनने ती उतरवली. डोमिशियनने इ. स. ८२ मध्ये ती जवळपास ऑगस्टसच्या शुद्धतेला नेली आणि तीनच वर्षांत पुन्हा खाली आणली. ट्रेजनने परत ८० च्या आसपास आणली. म्हणजे चित्र घसरगुंडीचे नाही, वर-खाली होणारे आहे. नीरोने एका झटक्यात पाचवा हिस्सा तांबे घातले आणि शिवाय पौंडामागे ८४ ऐवजी ९६ नाणी पाडून वजनही घटवले. मग त्यानंतरचे शतक रोमच्या भरभराटीचे कसे? हेड्रियनच्या, अँटोनायनस पायसच्या काळातला ८० टक्क्यांचा देनारियस घेऊन कोणते साम्राज्य कोसळत होते?

समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हीण लपवून घातले जात होते. ती चकती पांढरी करण्याची खटपट कुणाच्या तरी डोळ्यांत धूळ फेकण्यासाठीच होती. कॅराकॅलाने २१५ मध्ये काढलेले किरणांच्या मुकुटाचे नवे नाणे, ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात, बहुधा दोन देनारियसच्या किमतीला चालवले गेले, पण त्यात चांदी होती सुमारे दीड देनारियसची. समकालीन इतिहासकार कॅसियस डिओ संतापून लिहितो की हा सम्राट परक्यांना खरे सोने देतो आणि आपल्या लोकांच्या माथी हिणकस नाणे मारतो. परक्यांनाही हे कळत होते. दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात, रोमन देनारियसचे जे साठे सापडले त्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी खच्चून भरलेली आहेत. नीरोच्या बदलानंतरची चांदी तिथे क्वचितच दिसते. आपल्या व्यापाऱ्यांना रोमच्या सम्राटाच्या मुखवट्याशी देणेघेणे नव्हते, तोळ्यामाशाशी होते. सीमेपलीकडे नाणे म्हणजे धातूच, हा मुद्दा निर्विवाद आहे.

पण सीमेच्या आत? तिथे आलेखवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्तऐवज. साल २६०. तिथल्या पेढीवाल्यांनी सम्राटांचे नाणे घ्यायला नकार देऊन पेढ्या बंद केल्या, आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने हुकूम काढला की पेढ्या उघडा, उघड खोटे नाणे सोडून सगळी नाणी घ्या. याहून स्पष्ट पुरावा तो काय हवा? मात्र तारीख नीट पाहावी. त्याच वर्षी सम्राट व्हॅलेरियन इराणचा राजा शापूर याच्या कैदेत पडला होता आणि इजिप्तवर मॅक्रियानस व क्विएटस या दोघा बंडखोर भावांचा अंमल सुरू झाला होता. हे ‘सम्राट’ किती महिने टिकतील हा प्रश्न पेढीवाल्यांपुढे होता, आणि वर्षभरात दोघेही मारले गेले. उद्या ज्याचे राज्य असेल तो हे नाणे करापोटी घेईल का? ही धास्ती चांदीच्या कसाची नाही, राज्याच्या आयुष्याची आहे.

हा केवळ मी लावलेला अर्थ नव्हे, भावांची नोंदही तेच सांगते. साम्राज्यात सलग भाव हाती लागतात ते इजिप्तमध्येच. तिथले चार द्राख्मांचे स्थानिक नाणे एका देनारियसच्या बरोबरीचे धरले जाई आणि त्यातही हीण वाढत होते. फायूममधल्या थिआडेल्फिया गावी हेरोनिनोस नावाचा कारभारी एका बड्या जमीनदाराची शेती पाहत असे. २४९ ते २६८ या काळातले त्याचे हिशेब मिळाले आहेत: मजुरी, गाढवांचा चारा, द्राक्षमळ्याची कामे, गव्हाचा दर. रोममध्ये चांदी रसातळाला जात होती ती हीच वर्षे, आणि हेरोनिनोसच्या वहीत गहू आपल्या जागी उभा आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, महामारीनंतर, इजिप्तमधले भाव साधारण दुप्पट झाले होते. पण त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षे ते मोठे उधाण न येता तिथेच राहिले. चांदी निम्म्यावरून दोन-पाच टक्क्यांवर आली तरी.

मग भडका उडाला केव्हा? २७४-७५ च्या सुमारास, सम्राट ऑरेलियनने नाणेसुधारणा केली तेव्हा. गंमत अशी की ऑरेलियनने चांदी वाढवली. आधीच्या गॅलिएनस-क्लॉडियसच्या कचऱ्यात दोन-तीन टक्के उरली होती. याने पाच टक्क्यांच्या जवळ नेली, वजन सुधारले, कारागिरी सुधारली, वर चांदीचा चांगला थर दिला आणि नाण्यावर एकवीसचा आकडा छापला. त्याचा अर्थ बहुधा वीस भाग तांब्याला एक भाग चांदी. म्हणजे सरकारने प्रथमच कस उघडपणे जाहीर केला. आणि इजिप्तमधला गहू काही वर्षांतच जवळजवळ दहापट महागला! धातूच्या सिद्धांताला याचे उत्तर देता येत नाही.

सर्वांत पटणारे उत्तर विनिमयाच्या ठरलेल्या दरात आहे. ऑगस्टसपासून एका सोन्याच्या ऑरियसला २५ देनारियस हा दर चालत आला होता. चांदी निम्मी झाल्यानंतर लिहिणारा डिओही तोच दर सांगतो. असे दर ठरवून देणे हे फक्त रोमचे वैशिष्ट्य नव्हते. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखात ३५ कार्षापणांचा (चांदीच्या नाण्यांचा) एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) असा हिशेब दगडात कोरला आहे. जोवर सरकार त्या दराने देते आणि त्याच दराने घेते, तोवर चांदीच्या नाण्यात किती चांदी आहे हे टोपल्या विणणाऱ्याला विचारायचे कारण नसते. ऑरेलियनने जुनी नाणी बदलून नवी, वेगळ्या किमतीची दिली आणि त्यात हा धागा तुटला. ज्या पैशाकडे शतकभर कुणी निरखून पाहिले नव्हते, त्याची किंमत किती हे सरकारनेच प्रश्न म्हणून बाजारापुढे ठेवले. पुढे डायोक्लेशियनच्या ३०१ च्या भावपत्रकात एक पौंड सोने ७२,००० देनारियसचे आहे. ऑगस्टसच्या काळी तेच हजाराच्या आसपास होते. त्याच वर्षी डायोक्लेशियनने चलनातल्या नाण्यांची दर्शनी किंमत हुकमाने दुप्पट केली. चांदीचा कणही न बदलता. भावपत्रकाचा बोजवारा उडाला यात नवल नाही.

एक रास्त प्रश्न उरतो: हीण निरुपद्रवी होते, तर सम्राटांनी ते मुळात घातलेच कशाला? उत्तर पगारात आहे. ऑगस्टसच्या पलटणीतल्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत, डोमिशियनने ते ३०० केले, सेव्हेरसने आणि कॅराकॅलाने आणखी वाढवले, वर सेव्हेरसने तीन नव्या पलटणी उभ्या केल्या. ‘शिपायांना श्रीमंत करा, बाकीच्यांची पर्वा करू नका’ हा त्याने मुलांना दिलेला शेवटचा उपदेश डिओने नोंदवला आहे. दुसऱ्या हाताला पुरवठा आटत होता. १६५ नंतरच्या महामारीने माणसे नेली आणि स्पेनच्या खाणींचा उपसा मंदावला. ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेल्या शिशाच्या अंशांवरूनही हे दिसते, कारण चांदी गाळताना शिसे हवेत जाते, आणि नेमके याच सुमाराला ते अंश झपाट्याने घटतात. खर्च वाढलेला, माणसे मेलेली, खाणी मंद. कर वाढवणे हा एक मार्ग. तेवढीच चांदी जास्त नाण्यांत पसरवणे हा दुसरा. यातला दुसरा निवडला म्हणून महामारी आली नाही आणि शापूरही आला नाही. खर्चाच्या ओझ्याने हीण आले; आलेख उलट्या दिशेने वाचला जातो.

शुद्ध चांदी महागाई रोखते ही समजूतही तपासून पाहावी. सोळाव्या शतकात स्पेनने रेआल नाण्याचा कस राखला. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसीची चांदीची खाण सापडल्यावर तर त्या नाण्यांचा पूर आला. शुद्ध नाणे, सरकारी भेसळ नाही. तरीही भाव शतकभर चढत गेले आणि राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये देणी थकवली. उलट आपल्याकडे १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या, म्हणजे लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे थांबवले, आणि तोच रुपया, तीच पावणेअकरा ग्रॅमच्या आतबाहेरची चांदी, आपल्यातल्या धातूपेक्षा जास्त किमतीला चालू लागला. कुणी त्याला खोटा म्हटले नाही, कारण जमीनमहसूल त्यातच भरायचा होता. ठशाच्या जोरावर चालणारा पैसा केव्हा फसतो तेही याच देशाने पाहिले आहे. महंमद तुघलकाने तांब्याची नाणी चांदीच्या किमतीला चालवली, पण कुणालाही घरी पाडता येतील इतकी साधी केली. खजिन्यात करापोटी बनावट तांब्याचे ढीग आले आणि त्याला ती चांदी देऊन परत घ्यावी लागली. तिथे चूक धातूची निवड नव्हती, टांकसाळीवरचा ताबा गेला ही होती. तिसऱ्या शतकातल्या गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्येही असेच झाले. गावोगावी पाडलेल्या किरणमुकुटी नकलांनी बाजार भरला तो केंद्राची पकड सुटल्यानंतर.

ठशाचे मोल राज्यकर्त्यांना किती होते, हे पाहायला रोमपर्यंत जावेच लागत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. सगळी क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला आहे. चांदीच हवी होती तर वितळवणे सोपे होते. ठसा बदलायची खटपट कशाला केली?

आणि शेवटी तो प्रश्न, जो आलेख कधीच विचारत नाही: रोम कोसळले तेव्हा चलन कोणते होते? आलेख २७० च्या आसपास थांबतो, पश्चिमेचे साम्राज्य त्यानंतर दोन शतके टिकले. त्या काळाचा कणा होता कॉन्स्टंटाइनने ३१० च्या सुमारास आणलेला सॉलिडस: पौंडाला ७२, जवळजवळ शुद्ध सोने, पूर्वेत अकराव्या शतकापर्यंत कस न सोडलेला. या खणखणीत नाण्याच्या छत्राखाली पश्चिमेने प्रांतामागून प्रांत गमावले. ४३९ मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतले कार्थेज घेतले, आफ्रिकेचे धान्य आणि महसूल गेला, आणि सैन्याला द्यायला नाणी शुद्ध होती पण पुरेशी नव्हती. ४७६ मध्ये सेनानी ओडोएकरने पश्चिमेचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला गादीवरून उतरवले, आणि त्यानंतर इटलीच्या टांकसाळींनी पूर्वेचा सम्राट झेनो याच्या नावाने सॉलिडस पाडणे चालू ठेवले, त्याच साडेचार ग्रॅमच्या आसपासच्या वजनाचे.